टिटवीच्या अंड्यांना वळसा घालून

मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात जाऊ नका, असं या ब्लॉगवर मीच दोनदा लिहून ठेवलंय. जायचं तर डिसेंबर-जानेवारीत जा, उकडलेल्या तुरीच्या शेंगा खा, हुरडा खा, सकाळच्या धुक्यात कपाशीच्या रानातून फिरा, असा माझा सल्ला असतो. आणि तरीही ऐन वैशाखात चार दिवसांची रजा टाकून मी गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान! भटकंती हे कारण नव्हतंच. मला बाबांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती.

नव्या वाचकांसाठी सांगते, मी एका विमानतळावर पाखरं हाकते. हो, पगारी नोकरी आहे. उजाडायच्या आधी जीप घेऊन धावपट्टीच्या कडेने फिरायचं, घारी, बगळे, टिटव्या कुठे उतरल्यात ते बघायचं, भोंगा वाजवायचा, फटाके उडवायचे, गवत वाढलं की कापायला सांगायचं आणि सगळं वहीत लिहायचं. पाखराचं वजन ते किती, पण वेगात असलेल्या विमानावर ते आदळलं की पत्रा वाकतो, काच तडकते आणि इंजिनात गेलं तर विचारायलाच नको. मी आणि माझा एक सहकारी, आम्ही दोघं आमच्या पट्ट्याचे राखणदार. चारचौघांत सांगितलं की लोक हसतात. मीही हसते, पण काम मला मनापासून आवडतं.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी प्रवासी विमानाने जमीन सोडली आणि त्याच्या उजव्या इंजिनात टिटवी गेली. मी जीपजवळच उभी होते. धप्प आवाज आला आणि इंजिनाचा सूर बदलला. वैमानिकाने विमान फिरवून वीसेक मिनिटांत सुखरूप खाली आणलं. दीडशेवर माणसं होती आत, एकालाही खरचटलं नाही. धावपट्टीवरची पिसं मीच वेचली, पिशवीत घातली, वर चिठ्ठी लावली.

आता बाबांना सांगायची होती ती गोष्ट. त्या दिवसाच्या तीन आठवडे आधी, धावपट्टीच्या कडेच्या खडीत मला टिटवीची चार अंडी दिसली होती. नियम साफ आहे. अंडी दिसली की लगेच नोंद करायची, साहेबांना कळवायचं, रीतसर परवानगी घेऊन ती तिथून हलवायची. मी यातलं काहीच केलं नाही. जीप वळवली, अंड्यांना वळसा घातला आणि पुढे गेले. आमच्या गावाकडे टिटवीच्या अंड्यांवरून वखर नेत नाहीत. वखर म्हणजे पेरणीआधी रान भुसभुशीत करणारं औत. अंडी दिसली की बाबा बैल बाजूला घेतात, तेवढी जागा सोडतात आणि पलीकडून पुन्हा तास, म्हणजे वखराची ओळ, धरतात, हे बघत मी मोठी झालेय. स्टिअरिंग कधी फिरवलं ते माझं मलाच कळलं नाही. पण पुढचे वीस दिवस वहीत गप्प राहिले, ते मात्र कळून-सवरून.

विमान परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिथे गेले तर खळगा रिकामा. पिल्लं निघून गेली की कावळ्यांनी अंडी नेली, देव जाणे. इंजिनात गेलेली टिटवी तीच होती की दुसरी, हेही कोणी सांगू शकणार नाही. मागे काही पुरावा उरला नव्हता. साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांत लेखी निवेदन द्या. पाहणीत घरटं आढळलं नाही, एवढं लिहा म्हणजे झालं." एक ओळ लिहायची होती. ती लिहिली की नोकरी जागच्या जागी, आणि खरं लिहिलं तर काय होईल ते माहीत नव्हतं. तीन दिवस मी त्या कोऱ्या कागदाकडे बघितलं आणि चौथ्या दिवशी गाडीत बसले.

पहिला दिवस. विमानतळावर नोकरी करून मी गावी जाते रेल्वेनेच, हा आमच्या घरातला जुना विनोद. सकाळी सातला नागपूरला उतरले. उन्हाळ्यात जाणार असाल तर हीच वेळ साधा, कारण दहानंतर एसटीची खिडकी उघडी ठेवली तरी त्रास आणि बंद केली तरी त्रास. हिंगणघाटकडे जाणारी कुठलीही बस जाम चौकात थांबते. बायांना अर्धं तिकीट असल्यामुळे साठेक रुपयांत मी जामला पोचले. तिथे उतरून तर्री-पोहा खाल्ल्याशिवाय पुढे जाणारा माणूस मी अजून पाहिला नाही. पोह्यांवर हरभऱ्याची लाल तर्री ओततात, वरून कच्चा कांदा. डोळ्यांतून पाणी आलं, ते तर्रीचंच होतं असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं.

जामहून समुद्रपूर जवळच, पण बस तिच्या मर्जीने येते. तासभर थांबायची तयारी ठेवा, किंवा सहा सीटच्या ऑटोत दहावी सवारी व्हा. मी बसची वाट पाहिली. ती आली तेव्हा शेजारच्या सीटवर मांडीवर गाठोडं घेऊन एक मावशी बसल्या होत्या. आमच्याकडे गप्पा मारायला ओळख लागत नाही.

"कोणाची वं तू?" त्यांनी विचारलं. मी गाव सांगितलं, बाबांचं नाव सांगितलं.

"महादेवरावची का? बरं. अन् काय करून राह्यली तिकडं?"

"विमानतळावर पाखरं हाकतो, मावशी." आमच्याकडे बायाही 'जातो-येतो'च म्हणतात, आणि जाम ओलांडलं की माझीही जीभ वळते.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढी शिकली अन् पाखरंच हाकून राह्यली? ते तं आमच्या ज्वारीतबी हाकता आली असती."

सगळी बस हसली, मीही हसले. मग मावशींनी गाठोडं सोडून दोन कैऱ्या माझ्या हातात ठेवल्या आणि म्हणाल्या, "हाक बाई, हाक. कोणी तं हाकलं पाह्यजे." विमानाच्या त्या सकाळनंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्या कामाबद्दल बरं बोललं होतं, आणि मला ते ऐकवेना.

समुद्रपूरहून आमचं गाव सात-आठ किलोमीटर. रस्ता आता चांगला झालाय. दोन्ही बाजूंना काळी, उघडी, तापलेली रानं आणि मधूनच एखादा हिरवागार कडुनिंब. पावसाळ्यानंतर याल तर हीच जमीन कपाशीने भरलेली दिसेल. मला मात्र ही उघडी जास्त आवडते, तिच्यात लपायला जागा नसते.

घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीवर बैलांच्या दोऱ्या वळत बसले होते.

"काऊन आली एवढ्या उन्हाची? फोन नाई, काई नाई."

"आठवण आली," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं, फक्त पुरतं नव्हतं. आईने एक शब्द न विचारता माठातलं पाणी दिलं आणि पाटवडीचा रस्सा करायला घेतला. दुपारी बारा ते चार आमच्याकडे कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. तुम्हीही पडू नका. ओल्या पडद्यामागे झोपा आणि उठल्यावर पन्हं प्या. मी पन्हं प्यायले, झोप काही आली नाही. संध्याकाळी बाबांशी बोलायला दोनदा ओसरीवर गेले आणि दोन्ही वेळा पावसाबद्दल बोलून परत आले.

दुसरा दिवस. सहाला बाबांबरोबर वावरात गेले. गावात आता ट्रॅक्टर बरेच आहेत, पण बाबांनी बैलजोडी ठेवलीय. काम संथ चालतं आणि तेच त्यांना आवडतं. वखराच्या पाचव्या की सहाव्या तासाला बैल अचानक मंदावले. पुढून एक टिटवी ओरडत उठली आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. मातीच्या खळग्यात चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. बाबांनी कासरा ओढला, बैल वळले, वखर हातभर अंतरावरून गेलं.

धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, शेजारच्या वावरातला गडी ओरडला, "महादेवभाऊ, अंडे किती?"

"चार."

"मंग चारी महिने पाणी हाय," तो म्हणाला आणि कामाला लागला. जितकी अंडी तितके महिने पाऊस, हा आमच्याकडचा जुना हिशेब. खरा ठरतो का विचारू नका.

टिटवी पुन्हा अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने उडून नाल्याच्या डबक्यात गेली, पोटाची पिसं भिजवून आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून ती हे दिवसभर करते. मी आमच्या धावपट्टीच्या कडेलाही हे वीस दिवस बघितलं होतं. रोज दुर्बिणीतून बघायचे आणि मनात म्हणायचे, आणखी थोडे दिवस, मग जाईल ती.

"बाबा, थांबा जरा. मले एक सांगायचं हाय."

कडुनिंबाखाली बसून मी सगळं सांगितलं. अंडी, वळसा, न लिहिलेली वही, इंजिन, साहेबांची ती एक ओळ. माझं संपल्यावर बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माणसं किती होते त्याच्यात?"

"दीडशेच्या वर."

"लेकरं?"

"असतीन."

"अन् चालवणारा?"

"बाई होती, बाबा. बरी हाय ती. तिनंच उतरवलं."

त्यांनी टिटवीकडे बघितलं. मला वाटत होतं की आता ते म्हणतील, असू दे, जीव वाचवायला गेली होती तू. चारशे कोसांवरून मी तेवढंच ऐकायला आले होते, हे आज कबूल करते.

"चुकलं तुयं," ते म्हणाले. उठले, टोपी घातली आणि बैलांकडे गेले.

मी तिथेच बसून राहिले. ज्या माणसाचं बघून मी तो वळसा घातला, तोच चूक म्हणतो, याचा मला राग आला. समोर ते वखर घेऊन पुढे जात होते आणि परत आले की त्याच चार अंड्यांना वळसा घालत होते. मला रडू आलं आणि ते तर्रीवर ढकलायची सोयही नव्हती.

दिवसभर आम्ही बोललो नाही. संध्याकाळी आई चुलीपाशी भाकरी थापत होती. म्हणाली, "तुह्यावर नाई रागावले ते. दुपारपासून सवताशीच बोलून राह्यले. जेव तू."

तिसरा दिवस. या दिवशी गिरडच्या टेकडीवर जायचा बेत होता. दर्गा आहे, वरून मुलूख छान दिसतो, समुद्रपूरहून बस मिळते, तुम्ही जरूर जा. माझं राहिलं, कारण पाच वाजता बाबांनी मला हलवून उठवलं. "चाल," एवढंच म्हणाले.

नाल्याच्या अंगाला आमची एक अरुंद पट्टी आहे, अजून वखरायची होती. उजाडत होतं. बाबा मान खाली घालून हळूहळू चालत होते, मध्येच थांबले आणि खाली बसले.

"हे पाह्य."

तळहाताएवढा एक उथळ खळगा होता. आत चार-दोन बारीक खडे गोळा केलेले. अंडी नव्हती.

"काल इथी बसून पाह्यलं तिनं. जोडा असाच जागा शोधत फिरते. अंडे घालाच्या पयले तीन-चार जागी बसून पाह्यते, मंग एक पक्की करते." ते उठले आणि वहाणेने तो खळगा सपाट केला. "जिथून वखर जाणार असन, तिथी आपण रोज सकाळी याव. उभं राहाव. खळगा दिसला का मोडाव. आठ-दहा रोज केलं का ती कंटाळते अन् धुऱ्यावर जाते. तिथी तिले कोणी हात लावत नाई."

"तुमी हे रोज करता?"

"चैत लागला का रोज. चुकून एखादी राह्यतेच, कालच्यासारखी. तिच्यासाठी मंग वखर वळवाव."

मी तेहतीस वर्षांची आहे. अठरा वर्षं त्या घरात राहिले आणि मला हे माहीत नव्हतं. परतल्यावर आईला विचारलं तर ती म्हणाली, "मले तं वाटे हे फिराले जाते." लग्नाला चाळीस वर्षं झाली त्यांच्या.

तिथे पट्टीत मात्र आम्ही बराच वेळ उभे होतो. एक टिटवी लांबून आमच्यावर ओरडत होती. बाबांनी एक ढेकूळ उचललं, तिच्यापासून दूरच टाकलं, ती चार पावलं धुऱ्याकडे सरकली.

"तू लहान होती तं झोपून राहे. मी कधी उठवलं नाई. म्हटलं, निजू दे लेकराले. नऊ वाजता भाकर घेऊन ये तू वावरात, अन् वळसा तेवढा दिसे तुले." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "अर्धीच रीत शिकवली मी तुले. दया याची तं अंड्याच्या पयले याव, पोरी. मागून आली तं कोणाले तरी वळाव लागते. वखर वळते. इमान कसं वळन?"

मी जवळ सरकले. त्यांचा हात धरला. खरखरीत, उन्हाने काळा पडलेला हात. सात-आठ वर्षांची असताना धरला असेल, त्यानंतर आत्ताच.

"तो कागद द्याचा हाय ना सायबाले?" त्यांनी विचारलं. "खरं लिव. अन् त्याच्यात माह्यं नावबी टाक."

"तुमचं काऊन?"

"शिकवलं मी ना. मंग जबाब मायाबी लागन."

"बाबा, तशी जागा नसते त्या कागदात."

"पाह्य कोठी बसते तं," ते म्हणाले आणि पुढचा खळगा शोधायला लागले. त्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून तीन मोडले. तिसरा मला आधी दिसला.

चौथा दिवस परतीचा. आईने सांबारवड्या बांधून दिल्या. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, इडलीबरोबरचं सांबार समजू नका. येताना वर्ध्याहून या म्हणजे गोरसपाक घेता येईल. कडक, तुपाळ बिस्किट असतं, महिनाभर टिकतं. मी दोन पाकिटं घेतली, एक गाडीतच संपवलं.

घरी येऊन आंघोळ केली आणि निवेदन लिहायला बसले. अर्धं पान झालं. घरटं आढळलं होतं. कोणत्या दिवशी, कोणत्या खांबाजवळ, किती अंडी. नोंद मी केली नाही, जाणूनबुजून केली नाही. शेवटी एक सूचना लिहिली की मार्च लागताच रोज पहाटे पायी फिरून अंड्यांआधीचे खळगे मोडावेत, कडेला मोकळी, सुरक्षित जागा असेल तर पाखरं तिकडे सरकतात. ही पद्धत कुठून कळली तेही लिहिलं.

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "हे लिहायची गरज नव्हती," ते म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. चौकशी होईपर्यंत मला धावपट्टीवरून काढलंय. मी आता आतल्या खोलीत खुर्चीवर बसून जुन्या वह्या तपासते आणि खिडकीतून माझी जीप दुसऱ्याने चालवलेली बघते. नोकरी राहील का, सांगता येत नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण सहकाऱ्याला मी पहिल्याच दिवशी खळगा कसा ओळखायचा ते दाखवलं. जीपमधून उतरायला त्याने आधी कुरकुर केली. आता तो रोज सकाळी आठ वाजता येऊन आज किती मोडले ते सांगतो.

या प्रवासातून काय उरलं, असं मी प्रत्येक लेखाच्या शेवटी लिहिते. या वेळी लिहिण्यासारखं एकच आहे. निवेदन दिलं त्याच संध्याकाळी बाबांचा फोन आला.

"देल्ला का कागद?"

"देल्ला. सगळं खरं लिवलं."

"अन् माह्यं नाव?"

कागद माझ्या समोरच होता, सहीची प्रत. खाली मी नेहमीसारखं पूर्ण नाव लिहिलं होतं. शाळेच्या दाखल्यापासून पगारपत्रकापर्यंत हजार वेळा लिहिलं असेल, कधी थांबून वाचलं नव्हतं. वैशाली महादेव, आणि मग आडनाव.

"टाकलं, बाबा."

"कोठी?"

"मायाच नावाच्या मधात हाय."

पलीकडे त्यांनी घसा साफ केला.

"बरं झालं," ते म्हणाले. "जेवली का?"